प्रक्षिप्त टाळ्या : रॉकच्या ‘लाइव्ह’ अल्बमांचा वाद आणि श्रोत्याची साक्ष

रॉक संगीताच्या रसिकांमध्ये एक वाद अर्धशतकाहून अधिक काळ चालत आलेला आहे आणि तो मिटावा अशी कोणाचीच इच्छा दिसत नाही. सर्वश्रेष्ठ ‘लाइव्ह’ अल्बम कोणता, हा तो वाद. एक पक्ष ‘द हू’ या बँडच्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’चे (१९७०) नाव घेतो, दुसरा ऑलमन ब्रदर्स बँडच्या ‘ॲट फिलमोर ईस्ट’चे (१९७१), तर तिसरा डीप पर्पलच्या ‘मेड इन जपान’चे (१९७२). थिन लिझीच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’चे (१९७८) अभिमानी संख्येने कमी असतील, आवाजाने मुळीच कमी नाहीत. वाद रंगात आला, की कोणीतरी ठेवणीतला प्रश्न बाहेर काढतो : ‘तुमचा अल्बम चांगला आहे हो, पण तो खरोखर लाइव्ह आहे का?’ मग कोणत्या गाण्यातला कोणता सूर मागाहून स्टुडिओत भरला, किती टक्के भाग मंचावरचा आणि किती टक्के नंतर घातलेला, याचे हिशेब सुरू होतात.

साहित्याच्या अभ्यासकांस हा प्रश्न परका वाटू नये. प्राचीन ग्रंथाची संहिता सिद्ध करताना मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हे ठरवण्याची जी विद्या, ती पाठचिकित्सा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले, ते याच विद्येच्या बळावर. रॉकचे रसिक करतात तीही एका अर्थी पाठचिकित्साच होय. त्यांच्या हाती पोथ्यांऐवजी फिती असतात, इतकेच. मात्र त्यांची चिकित्सा अर्ध्या वाटेवर थांबते, असे आमचे मत आहे. ते गिटारीचा प्रक्षेप शोधतात, गळ्याचा शोधतात. टाळ्यांचा प्रक्षेप क्वचितच शोधतात. लाइव्ह अल्बममध्ये दोन पक्ष असतात, मंचावरचा आणि समोर बसलेला. त्यांपैकी दुसऱ्याच्या आवाजाचे काय झाले, या अंगाने हा इतिहास पाहिला तर श्रेष्ठतेचा वादही निराळा दिसू लागतो. तो तसा पाहण्याचा हा प्रयत्न.

१.

नाटकात आधी संहिता, मग प्रयोग. पाश्चात्त्य अभिजात संगीतात आधी स्वरलेखन, मग वादन. रॉकमध्ये हा क्रम बदललेला आहे. थिओडोर ग्रेसिक या अमेरिकी तत्त्वचिंतकाने ‘ऱ्हिदम अँड नॉइज’ (१९९६) या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की रॉकमधील मूळ कलाकृती म्हणजे गाण्याचे शब्द वा चाल नसून खुद्द ध्वनिमुद्रण होय. बीटल्सनी २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये शेवटचा जाहीर, तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे थांबवले. पुढच्याच वर्षी आलेला ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ चौघांनी मंचावर उभे राहून जसाच्या तसा वाजवावा, अशी अपेक्षाच उरलेली नव्हती. तो अल्बम म्हणजेच ती कृती.

मग लाइव्ह अल्बम म्हणजे काय? आधी मुद्रण, त्या मुद्रणाचा मंचावर प्रयोग आणि त्या प्रयोगाचे पुन्हा मुद्रण. अशा तिहेरी वळणाने ही वस्तू आपल्या हाती येते. फिलिप ऑसलँडर यांनी ‘लाइव्हनेस’ (१९९९) या पुस्तकात दाखवून दिले आहे, की ध्वनिमुद्रण अस्तित्वात येईपर्यंत ‘लाइव्ह’ ही कल्पनाच संभवत नव्हती. पेशवाईत शाहिराचा पोवाडा ऐकणाऱ्याला आपण ‘लाइव्ह’ ऐकत आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते, कारण दुसऱ्या रीतीने ऐकण्याची सोयच नव्हती. ‘लाइव्ह’पणाची ओढ तबकडीनेच निर्माण केली, आणि ती ओढ भागवण्यासाठी पुन्हा तबकडीच पुढे आली.

या गुंतागुंतीचा सर्वांत बोलका नमुना क्वीन या बँडच्या ‘लाइव्ह किलर्स’ (१९७९) अल्बममध्ये सापडतो. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारूख बलसाराने, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीने, रचलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) या गाण्याचा मधला संगीतिकेसारखा भाग स्टुडिओत आवाजांचे थर एकावर एक चढवून सिद्ध केलेला होता. चार माणसांनी मंचावर तो गाणे अशक्यच. म्हणून कार्यक्रमात तो भाग आला, की चौघे मंच सोडून जात आणि सभागृहात स्टुडिओची फीत वाजे; फीत संपताच ते परत येऊन पुढचा भाग वाजवीत. लाइव्ह अल्बमवर हे सारे तसेच आहे. म्हणजे या ‘लाइव्ह’ मुद्रणाच्या पोटात एक स्टुडिओ मुद्रण आहे. आणि तरीही ते खोटे नाही, कारण श्रोत्यांनी त्या रात्री तेच ऐकले होते. मंचावर प्रत्यक्ष काय वाजले आणि प्रसंगी काय घडले, हे दोन प्रश्न एकच नव्हेत, ही जाणीव येथे पहिल्यांदा होते.

२.

आरंभीच्या काळात श्रोत्यांचा आवाज ही एक अडचण होती. कॅपिटॉल कंपनीने १९६४ आणि १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड बोल येथे बीटल्सचे कार्यक्रम मुद्रित केले. हजारो चाहत्यांच्या अखंड किंकाळ्यांखाली गाणी दबून गेली होती. मंचावरील वादकांना स्वतःचे वादन ऐकता यावे म्हणून आज जे मॉनिटर लावले जातात, ते तेव्हा नव्हते. चौघेही जवळजवळ अंदाजाने वाजवीत होते. या फिती पडून राहिल्या आणि निर्माता जॉर्ज मार्टिन यांनी त्यांवर हात फिरवल्यानंतर १९७७ मध्ये अल्बमरूपाने बाहेर आल्या. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांसमोर झालेल्या कार्यक्रमाचा चित्रपट करायचे ठरले, तेव्हा जानेवारी १९६६ मध्ये बीटल्सना लंडनच्या स्टुडिओत जाऊन त्यातील काही भाग नव्याने वाजवावा लागला. श्रोत्यांनी गाणे गिळून टाकले होते. ते परत मिळवण्यासाठी हा खटाटोप.

त्याच सुमारास रोलिंग स्टोन्सच्या बाबतीत नेमके उलटे घडले. १९६६ च्या अखेरीस अमेरिकेत त्यांचा ‘गॉट लाइव्ह इफ यू वाँट इट!’ हा अल्बम आला. त्यातील दोन गाणी, ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ आणि ‘फॉर्च्युन टेलर’, ही मुळात स्टुडिओतील मुद्रणे होती. त्यांवर चाहत्यांच्या किंकाळ्या मागाहून पसरवण्यात आल्या. एकाच काळात एका बँडला किंकाळ्यांखालून गाणे उकरून काढावे लागते आणि दुसऱ्या बँडच्या गाण्यावर किंकाळ्या आणून ओताव्या लागतात. या विसंगतीत एक सूत्र आहे. दोन्ही ठिकाणी श्रोता ऐकणारा म्हणून गृहीतच धरलेला नाही. किंकाळी हे लोकप्रियतेचे प्रमाणपत्र होते, आणि प्रमाणपत्राला व्यक्तिमत्त्व लागत नाही. ते कोठूनही आणून चिकटवता येते.

३.

श्रोत्याला व्यक्तिमत्त्व असते, हे ज्या मुद्रणाने ऐकवले ते त्या काळी बाजारात अधिकृतपणे आलेच नाही. १९६६ च्या दौऱ्यात बॉब डिलन कार्यक्रमाचा पूर्वार्ध एकट्याने, साध्या गिटारीवर सादर करी आणि उत्तरार्धात ‘हॉक्स’ या साथीदारांसह विजेच्या गिटारी घेऊन उभा राही. लोकगीतांच्या परंपरेतील ज्या रसिकांनी त्याला आपला मानले होते, त्यांना हा उत्तरार्ध द्रोह वाटला. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, प्रेक्षकांतून एकाने ‘जुडास!’ अशी आरोळी ठोकली. ख्रिस्ताला पकडून देणाऱ्या शिष्याचे ते नाव. डिलनने मंचावरून तिला उत्तर दिले आणि मग ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ असे काही वाजले, की १९६५ चे स्टुडिओतील मुद्रण त्यापुढे संयमी वाटावे.

ही फीत चोरट्या तबकड्यांच्या, म्हणजे बूटलेगच्या, मार्गाने हातोहात फिरली. आणि तीही ‘लंडन, रॉयल अल्बर्ट हॉल’ अशा चुकीच्या पत्त्यानिशी. पुष्पिकेत स्थळ चुकलेल्या पोथीची गत आपल्याला ठाऊक आहेच. चूक एवढी रूढ झाली, की १९९८ मध्ये अधिकृत प्रकाशन झाले तेव्हाही अल्बमच्या नावात ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ हे शब्द अवतरणचिन्हांत ठेवावे लागले. आम्हाला येथे महत्त्वाचे वाटते ते हे : या मुद्रणात श्रोता प्रथमच विरोधी पक्ष म्हणून ऐकू येतो. ती आरोळी वगळली तर गाणी तीच राहतील, वादनही तेच राहील, पण ते गाणे त्या आवेशाने का वाजले याचे उत्तर हरवेल. श्रोत्याचा आवाज येथे संहितेचा भाग झालेला आहे.

१९६९ मध्ये डिलनच्याच अप्रकाशित मुद्रणांची ‘ग्रेट व्हाइट वंडर’ ही बूटलेग तबकडी अमेरिकेत विकली जाऊ लागली आणि या चोरट्या व्यवहाराला रॉकमध्ये जोर आला. ‘द हू’च्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’ला ही पार्श्वभूमी आहे. १९६९ च्या अमेरिकी दौऱ्यातील ढीगभर फिती ऐकत बसण्याचा कंटाळा आल्याने आणि त्या चोरांच्या हाती पडू नयेत म्हणून त्या जाळून टाकायला सांगितल्याचे पीट टाउनशेंडने पुढे अनेकदा सांगितले आहे. मग लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात १४ फेब्रुवारी १९७० रोजी आणि दुसऱ्या दिवशी हल येथे, असे दोन कार्यक्रम मुद्दाम मुद्रणासाठी योजण्यात आले. हलच्या फितीत आरंभीच्या काही गाण्यांत बेस गिटारच उमटली नसल्याने लीड्सची निवड झाली. तबकडीचे वेष्टन साधे तपकिरी, त्यावर रबरी शिक्का मारल्यासारखे नाव. म्हणजे अधिकृत अल्बमने बूटलेगचा वेष घेतलेला. तबकडीवर सूचनाही होती, की मुद्रणातील चरचर दुरुस्त करू नये. दोषालाच अस्सलपणाची खूण ठरवण्याची ही युक्ती होती. १९९५ च्या नव्या आवृत्तीत तंत्रज्ञांनी ती चरचर काढून टाकली, हा भाग निराळा.

त्याच आवृत्तीने दुसराही प्रश्न उभा केला. १९७० च्या तबकडीत गाणी सहा. १९९५ मध्ये ती चौदा झाली. २००१ मध्ये त्या रात्री वाजलेला ‘टॉमी’ हा संगीतिकावजा खंडही स्वतंत्र तबकडीवर आला. आता ‘लाइव्ह ॲट लीड्स’ कोणते म्हणावयाचे? इतिहासकाराला विस्तृत आवृत्ती हवी, यात शंका नाही. परंतु ज्या कृतीने वाचकाच्या, म्हणजे येथे श्रोत्याच्या, मनात स्थान मिळवले ती सहा गाण्यांचीच होती : त्यांतील तीन तर इतरांची जुनी गाणी, आणि दुसऱ्या बाजूवर ‘माय जनरेशन’चा चौदा मिनिटांहून मोठा विस्तार. ही निवड संपादकाची आहे, आणि कृतीचा घाट त्या निवडीतून आलेला आहे.

४.

आता ज्या अल्बमवर आमचा मुख्य मुद्दा उभा आहे, त्याकडे वळू. जॉनी कॅश हा तसा कंट्री संगीताचा गायक. पण १९५० च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओतून जे रॉक अँड रोल बाहेर पडले, त्याच्याशी त्याचे नाते सख्ख्या भावाचे. १३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फोल्सम कारागृहात त्याने कैद्यांसमोर दोन कार्यक्रम केले आणि त्यांतून ‘ॲट फोल्सम प्रिझन’ हा अल्बम सिद्ध झाला. पहिलेच गाणे ‘फोल्सम प्रिझन ब्लूज’. गाण्यातील कैदी आपण निष्कारण केलेल्या खुनाची कबुली देतो, आणि त्या ओळीनंतर अल्बमवर श्रोत्यांतून एक उन्मादी आरोळी उठते. कैदी खुनाच्या उल्लेखावर खूश होऊन ओरडत आहेत! या एका क्षणाने त्या अल्बमची ख्याती घडवली. बंडखोर गायक, निर्ढावलेले श्रोते आणि त्यांच्यातील भीषण जवळीक, असे चित्र त्यातून उभे राहिले.

ती आरोळी त्या क्षणी उठलीच नव्हती. ती मागाहून, संकलनाच्या वेळी तेथे बसवण्यात आली. मायकल स्ट्रीसगथ यांनी या अल्बमच्या घडणीवर लिहिलेल्या पुस्तकात (२००४) हे नोंदवले आहे. प्रत्यक्षात पहारेकरी समोर उभे असताना तुरुंगासंबंधीच्या कॅशच्या शेऱ्यांवरही दाद देताना बहुतेक कैदी जपून होते. उगाच ओरडून नंतर शिक्षा कोण ओढवून घेणार?

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. कॅशच्या गळ्यात कोणी फेरफार केला नाही, वादनही अस्सल. ‘किती टक्के लाइव्ह’ या मोजमापाने पाहिले तर हा अल्बम उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल. पण त्यात अर्थाची उलटापालट झालेली आहे. सावध, दबलेल्या माणसांचे मौन काढून घेऊन त्यांच्या तोंडी रक्ताची चटक लागल्यासारखी आरोळी घातली गेली. त्या कैद्यांना अल्बमवर नाव नव्हते, आवाज तेवढा होता. आणि तोही त्यांचा राहिला नाही. मँचेस्टरची आरोळी कोणा एकाची होती आणि तिला उत्तर मिळाले. फोल्समची आरोळी कोणाचीच नव्हती, आणि तरी ती पुढे अनेकांच्या स्मरणात कैद्यांचा स्वभाव म्हणून राहिली.

५.

किंकाळ्यांचा काळ सरून ऐकणाऱ्या श्रोत्यांचा काळ येण्यास काही ठोस कारणे घडली. ध्वनिक्षेपणाची साधने सुधारली; मंचावर आणि सभागृहात काय वाजते ते नीट ऐकू येऊ लागले. आठ आणि सोळा ट्रॅकची मुद्रणयंत्रे कार्यक्रमाच्या जागी नेता येऊ लागली. प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर उतरवून नंतर त्यांचा तोल साधता येऊ लागला. तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावत, आणि गाणी तेवढी लांबवण्याचे धाडस व कौशल्य असलेले वादक आले. शिवाय न्यू यॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’सारख्या नाट्यगृहांत बसून संगीत ऐकणारा वर्ग तयार झाला होता.

ऑलमन ब्रदर्स बँडच्या पहिल्या दोन स्टुडिओ अल्बमांना बेताचाच प्रतिसाद मिळाला होता. मार्च १९७१ मध्ये फिलमोर ईस्ट येथे झालेल्या त्यांच्या कार्यक्रमांचे मुद्रण टॉम डाउड या निर्मात्याने हाताळले आणि जुलैमध्ये दोन तबकड्यांचा अल्बम आला. गाणी सगळी मिळून सात. १९६९ मध्ये स्टुडिओत सुमारे पाच मिनिटांत आटोपलेले ‘व्हिपिंग पोस्ट’ येथे तेवीस मिनिटे चालते आणि चौथी बाजू एकट्याने व्यापते. हा विस्तार वेळ भरून काढण्यासाठी नाही. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स यांच्या गिटारी एकमेकींच्या जागा ओळखून पुढे सरकतात, मध्येच सारे जवळजवळ थांबते, आणि त्या थांबण्यात सभागृह श्वास रोखून आहे हे कळते. दुसऱ्या बाजूवरील ‘यू डोन्ट लव्ह मी’मध्ये अशाच एका निवांत जागी प्रेक्षकांतून कोणीतरी ‘रात्रभर वाजवत राहा’ अशा अर्थाची हाक देतो. ‘वन्स मोअर’ने पहाटेपर्यंत लांबणारी संगीत नाटके ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली आहेत, त्यांना ही हाक तत्काळ ओळखू येईल. ‘व्हिपिंग पोस्ट’ संपता संपता बँड पुढच्या ‘माउंटन जॅम’कडे वळतो आणि तबकडी तेथे विझत जाते, तो पुढचा भाग १९७२ च्या ‘ईट अ पीच’ अल्बममध्ये आला. तोवर ड्वेन ऑलमन हयात नव्हता. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला होता.

‘मेड इन जपान’ची कथा वेगळी. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका येथे दोन आणि टोकियोच्या बुदोकान सभागृहात एक, असे डीप पर्पलचे तीन कार्यक्रम मार्टिन बर्च या ध्वनितंत्रज्ञाने मुद्रित केले. कल्पना जपानमधील कंपनीची. खुद्द बँडला लाइव्ह अल्बमचा फारसा उत्साह नव्हता. तिन्ही रात्रींतून निवडून सात गाणी घेतली गेली. त्यांतील ‘स्पेस ट्रकिंग’ हे ‘मशीन हेड’ या अल्बमवर साडेचार मिनिटांचे गाणे येथे वीस मिनिटांच्या घरात जाते. मागाहून स्टुडिओत काहीही भरले नाही, असे बँडचे सांगणे आहे आणि रसिकांच्या वादात या अल्बमची बाजू नेहमी याच मुद्द्यावर मांडली जाते. पण तीन रात्री आणि दोन शहरे यांची एक मैफल केलेली आहेच. सूर अस्सल, पण ती संध्याकाळ संपादकाची.

म्हणजे निखळ लाइव्ह असे काही हाती लागतच नाही. निवड आहे, क्रम आहे, सांधे आहेत. ज्याला आपण चिकित्सक आवृत्ती म्हणतो तीही कोणत्याच एका पोथीशी शब्दशः जुळत नसते. म्हणून आपण तिला खोटी म्हणत नाही.

६.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टक्केवारीचा वाद पेटला. ‘किस’ या बँडच्या ‘अलाइव्ह!’मध्ये (१९७५) स्टुडिओत बरीच भर घातल्याचे निर्माता एडी क्रेमर यांनी नंतर सांगितले. थिन लिझीच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’विषयी तर घरातच भांडण आहे. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यांच्या म्हणण्यानुसार अल्बमचा सुमारे ७५ टक्के भाग स्टुडिओत पुन्हा मुद्रित झाला. बँडच्या गोटातील लोकांच्या म्हणण्यानुसार ७५ टक्के भाग मंचावरचाच आहे. नील यंगने ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’मध्ये (१९७९) तिसरीच वाट काढली : १९७८ च्या कार्यक्रमांतील मुद्रणे घेऊन त्यांतून श्रोत्यांचा आवाज जवळजवळ पुसून टाकला आणि काही भर घालून ती नव्या गाण्यांचा अल्बम म्हणून दिली. येथे प्रक्षेप थोडा आणि लोप मोठा.

या सर्वांस एकच माप लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. गायकाने आपला घसरलेला सूर मागाहून सावरला, तर तो लेखकाने दुसऱ्या आवृत्तीत आपलेच वाक्य सुधारावे तसा प्रकार आहे. मजकूर त्याचा, अधिकारही त्याचा. त्याने ती दुरुस्ती लपवली तर त्याला जाब विचारावा, हे खरे. पण दुखावतो तो फार तर आपला भाबडेपणा. म्हणून फिल लिनटच्या आवाजातील किती टक्के हॅमरस्मिथचा आणि किती टक्के स्टुडिओचा, या हिशेबाने ‘लाइव्ह अँड डेंजरस’ आमच्या लेखी खाली उतरत नाही. श्रोत्याची दाद मात्र बँडच्या मालकीची नाही. ती दुसऱ्याने दिलेली साक्ष आहे. ती पुसली तर साक्षीदार गैरहजर राहतो, आणि नील यंगने निदान तो हजर असल्याचा बहाणा केला नाही. ती नव्याने रचली तर साक्षीदारच बनावट उभा राहतो.

यावर आक्षेप येईल, की टाळ्या आणि आरोळ्या ही केवळ सजावट आहे. दूरचित्रवाणीच्या विनोदी मालिकेत मागाहून हशा घालतात तशी. दोन गाण्यांमधला सांधा झाकण्यासाठी टाळ्या किंचित लांबवल्या, तर आम्हीही तक्रार करणार नाही. पण फोल्सममध्ये एका आरोळीने शेकडो माणसांचे चारित्र्य बदलले, हे सजावटीचे काम नव्हे.

या प्रश्नाला आपल्याकडील श्रोत्यांच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. लीड्स, ओसाका वा न्यू यॉर्क येथे जो हजर होता त्याच्यासाठी लाइव्ह अल्बम ही आठवण. त्याला ती पडताळून पाहता येते. १९७० च्या दशकात मुंबई-पुण्यात, पणजीत वा नागपुरात उसन्या तबकडीवर किंवा पुढे कॅसेटवर हे अल्बम ऐकणाऱ्यासाठी ती आठवण नव्हती. तोच कार्यक्रम होता. त्याच्या दृष्टीने त्या सभागृहातील अनाम श्रोता हा त्याचा प्रतिनिधी होता : केव्हा गप्प व्हायचे, कोठे दाद द्यायची, कशावर चिडायचे हे तो त्याच्याकडून शिकला. प्रतिनिधीच बनावट असेल, तर दूर बसलेल्याची फसवणूक सर्वांत पुरती होते. गतकाळाकडे कागदपत्रांतूनच पाहू शकणाऱ्या साहित्याच्या विद्यार्थ्याची स्थितीही याहून वेगळी नाही.

७.

श्रोत्यांनी आपली साक्ष आपणच लिहून ठेवल्याचेही एक उदाहरण आहे. ग्रेटफुल डेड या बँडचे चाहते कार्यक्रमांत स्वतःची मुद्रणयंत्रे आणीत. १९८४ मध्ये बँडने त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात स्वतंत्र विभागच राखून दिला. फिती विकायच्या नाहीत, अदलाबदल करायची, असा या मंडळींचा रिवाज. त्यातून पोथ्यांच्या नकलांसारखी फितींची कुळे तयार झाली. कोणती फीत कोणत्या फितीवरून उतरवली याच्या वंशावळी रसिक बाळगू लागले. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम अशा फितींतून इतका गाजला, की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या निवडीत त्याच्या मुद्रणाचा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश केला. अधिकृत अल्बम त्यानंतर, २०१७ मध्ये आला. श्रोत्यांमधून केलेल्या फितींत शेजाऱ्याचे खोकणे, गप्पा, चुकीच्या जागी दिलेली टाळी, सारे काही सापडते. कारखान्यात तयार झालेल्या दादेत अशी चुकलेली टाळी सहसा नसते, हे ओळखीचे एक साधे लक्षण म्हणून विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आरंभीच्या वादाकडे परत यावयास हवे. इतके लिहून श्रेष्ठतेविषयी मौन पाळणे हे पळवाट काढण्यासारखे होईल. शक्तीच्या दृष्टीने ‘लाइव्ह ॲट लीड्स’ला तोड नाही, कीथ मूनचे ड्रम्स ऐकून आजही दचकायला होते. वादनाच्या सफाईत ‘मेड इन जपान’ पुढे आहे. पण आमचे मत ‘ॲट फिलमोर ईस्ट’ला आहे. त्यात निर्मात्याचा हात नाही म्हणून नव्हे. टॉम डाउडचा हात त्यात जागोजाग आहे. सुरुवातीच्या खेळांत वादकांनी मंचावर आणलेली सॅक्सोफोनची जोड त्याला रुचली नाही आणि ती पुढे बाजूला ठेवली गेली. २०१४ मध्ये त्या मार्चमधील खेळांची सहा तबकड्यांची विस्तृत आवृत्ती आली, तेव्हा त्याने काय घेतले आणि काय सोडले हे कोणालाही ताडून पाहता आले. त्या निवडीत मंच आणि सभागृह यांच्यातील देवाणघेवाण शाबूत राहिली, असे आम्हाला वाटते. वादक थांबतात तेव्हा सभागृह थांबते. सभागृहातून हाक येते आणि वादन पुढे जाते.

अर्थात हे मत अनेकांना पटणार नाही, आणि लीड्सच्या पक्षाकडून उत्तर येईल याची आम्हाला खात्री आहे. त्यांनी ते जरूर द्यावे. फक्त पुढच्या वेळी तो अल्बम लावताना गिटार कोठे दुरुस्त केली याचा शोध एकदा बाजूला ठेवून, भोजनगृहात त्या रात्री बसलेले विद्यार्थी कोठे ऐकू येतात, तेवढेच ऐकावे, आणि मग वाद घालावा.